कर्जात बुडालेला विक्रेता आणि तीनशे चित्रं

मार्च १८८६ मध्ये पॅरिसचा चित्रविक्रेता पॉल द्युराँ-रुएल सुमारे तीनशे चित्रं घेऊन न्यूयॉर्कला निघाला. दोन वर्षांपूर्वीच त्याचं कर्ज दहा लाख फ्रँकच्या वर गेलं होतं. पेट्यांमध्ये मोने, रेन्वा, पिसारो, सिसले, देगा, माने यांची चित्रं होती. आज यांतलं एखादं लिलावात आलं तरी बातमी होते. तेव्हा मात्र पॅरिसमध्ये त्यांना गिऱ्हाईक मिळणं मुश्कील होतं, आणि ती घेऊन साठवत बसलेला हा माणूस इतर विक्रेत्यांच्या लेखी वेडा होता.

हे प्रकरण एरवी द्रष्ट्या माणसाची कहाणी म्हणून सांगितलं जातं: त्याला आधी कळलं, जगाला मागून कळलं. ऐकायला छान आहे, पण त्यातून हाती काही लागत नाही. चित्रं चांगली होती हे मान्यच आहे. पण चांगली चित्रं त्या काळात इतरही पुष्कळ निघत होती, मग हीच का टिकली? माझ्या मते या प्रकरणात जाहिरातीपेक्षा उधारी महत्त्वाची आहे. लोकांची नजर सरावायला वीसेक वर्षं लागली. तेवढी वर्षं चित्रं डोळ्यांसमोर ठेवणं आणि त्यांचा भाव पडू न देणं, हे त्याचं खरं काम. त्याची किंमत त्यानं दुसऱ्यांच्या पैशातून मोजली.

आधीचा बाजार

त्या काळी पॅरिसमध्ये चित्रकाराचं नशीब ठरायचं ते सलाँमध्ये. सलाँ म्हणजे सरकारच्या आशीर्वादानं भरणारं भलंमोठं प्रदर्शन. निवड समितीनं चित्र घेतलं तर ते भिंतीवर लागायचं, तेही हजारोंच्या गर्दीत, कधी कधी पार छताजवळ. पदक मिळालं की गिऱ्हाईक आपण होऊन यायचं. श्रीमंत माणसाला स्वतःच्या नजरेवर भरवसा ठेवायची गरजच नव्हती, कारण समितीनं त्याच्या वतीनं आधीच पाहून ठेवलेलं असायचं. नवं काही विकायचं तर आधी या सोयीला पर्याय द्यायला हवा होता.

द्युराँ-रुएलच्या वडिलांचं कागद आणि चित्रकलेच्या सामानाचं दुकान होतं, त्यातूनच पुढे चित्रांचा धंदा वाढला. १८६५ मध्ये तो पॉलच्या हाती आला. त्यानं पहिला पैसा लावला तो कोरो, मिये, थिओदोर रूसो अशा, बार्बिझाँ या फ्रेंच गावाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या निसर्गचित्रकारांवर. पद्धत साधी होती: एक-दोन चित्रं न घेता मिळतील तेवढी सगळी घ्यायची, जमलं तर त्या चित्रकाराचा सगळा व्यवहार आपल्याकडेच ठेवायचा, आणि भाव चढेपर्यंत हलायचं नाही. तिथे ते जमलं. पुढे इम्प्रेशनिस्टांच्या, म्हणजे मोने, रेन्वा, पिसारो वगैरे मंडळींच्या, बाबतीत जे झालं, तो याच प्रयोगाचा दुसरा आणि फार महागात पडलेला अंक.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि तो माल घेऊन लंडनला गेला. न्यू बाँड स्ट्रीटवर त्यानं जी जागा भाड्यानं घेतली तिचं नाव होतं 'जर्मन गॅलरी'. प्रशियन फौजांपासून पळून आलेल्या फ्रेंच माणसाच्या वाट्याला हीच पाटी यावी, हे त्याच्या नशिबाला साजेसंच होतं. लंडनमध्येच त्याची मोने आणि पिसारोशी गाठ पडली. १८७२ च्या सुरुवातीला एका चित्रकाराच्या स्टुडिओत त्यानं मानेची दोन चित्रं पाहिली आणि घेऊन टाकली. लगेच मानेच्या स्टुडिओत जाऊन त्यानं एका दमात २३ चित्रं ३५,००० फ्रँकला उचलली. (माने आणि मोने ही दोन वेगळी माणसं. १८६५ च्या सलाँमध्ये मोनेच्या समुद्रचित्रांबद्दल लोक मानेचं अभिनंदन करत होते, तेव्हा आपला गोंधळ झाला तर वाईट वाटून घेऊ नये.)

पुढची चार वर्षं हसं होण्यात गेली. १८७४ मध्ये चित्रकारांनी स्वतःच नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत प्रदर्शन भरवलं, आणि तिथे एका टीकाकारानं थट्टेत वापरलेलं 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव कायमचं चिकटलं. १८७५ मध्ये मोने, रेन्वा, सिसले आणि बेर्त मोरिझो यांनी ओतेल द्रुओ या लिलावघरात चित्रं विकायला काढली. द्युराँ-रुएल तिथे तज्ज्ञ म्हणून बसला होता. बोलीच्या वेळी इतका गोंधळ माजला की पोलीस बोलवावे लागले, आणि काही चित्रं शंभर फ्रँकच्याही खाली गेली. १८७६ चं प्रदर्शन त्यानं आपल्याच गॅलरीत, रू ल पेलतिएवर घेतलं. या रस्त्यावरचं ऑपेरागृह १८७३ मध्ये जळालं होतं. 'ल फिगारो' या वर्तमानपत्राच्या आल्बेर व्होल्फनं तोच धागा पकडून लिहिलं की या रस्त्याची साडेसाती संपत नाही, ऑपेराच्या आगीनंतर आता ही नवी आपत्ती. पाच-सहा वेडे आणि त्यांत एक बाई, असं त्यानं चित्रकारांचं वर्णन केलं.

हिशेबाची वही, सोनेरी चौकट आणि दिवाणखाना

या सगळ्यात द्युराँ-रुएल नेमकं काय करत होता?

पहिली गोष्ट लिलावातली. दुकानात विक्रेता सांगेल ती किंमत, पण लिलावात आलेला भाव चारचौघांत लागतो, छापून येतो आणि वर्षानुवर्षं दाखला म्हणून दिला जातो. म्हणून आपल्या चित्रकाराचं काम लिलावात आलं की तो स्वतः बोली चढवायचा आणि गरज पडली तर परत विकत घ्यायचा. १८७० मध्ये तर त्यानं याहून पुढची चाल केली होती. त्याला पैसा पुरवणारा एडवर्ड्स नावाचा सावकार होता. त्याच्याकडे चित्रं तारण होती. तीच चित्रं त्याच्या ऐसपैस घरात लावली गेली आणि मग 'एडवर्ड्स संग्रह' म्हणून लिलावाला निघाली. गिऱ्हाइकाला वाटावं की एका रसिकानं हौसेनं जमवलेला ठेवा फुटतोय. प्रत्यक्षात तो दुकानातलाच माल होता. याला आज आपण सरळ बनाव म्हणू, आणि त्याच्यावर द्रष्टेपणाचं पांघरूण घालायचं कारण मला दिसत नाही. पण एक फरक लक्षात घ्यायला हवा. बनवाबनवी करणारा साधारणपणे भाव फुगवून बाहेर पडतो. हा बाहेर पडत नव्हता. चढा भाव लावून तो स्वतःच पुन्हा पुन्हा विकत घेत होता, आणि त्यापायीच गळ्यापर्यंत बुडत होता.

दुसरी गोष्ट उचल. ठरावीक चित्रं ठरावीक दरानं, असा हा व्यवहार कधीच राहिला नाही. चित्रकारांना तो दरमहा पैसे द्यायचा. शिंप्याचं बिल, रंगवाल्याची बाकी, घरमालकाचं थकलेलं भाडं, सगळं त्याच्या खात्यावर पडायचं. हिशेब चित्रं आली की व्हायचा. मार्केटिंगच्या चर्चेत हा भाग सहसा येत नाही, कारण तो दिसत नाही. पण खायची भ्रांत असलेला चित्रकार दोनच गोष्टी करू शकतो: सलाँला आवडेल तसं काढायला लागतो, नाही तर मिळेल त्या भावानं चित्रं फुंकून टाकतो. दोन्हींत बाजार मोडतो. 'द्युराँ नसता तर आम्ही सगळे इम्प्रेशनिस्ट उपाशी मेलो असतो,' असं मोने म्हातारपणी म्हणाला. भावनेचा भाग सोडला तरी ते हिशेबाचं वाक्य आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मजेदार वाटते, ती म्हणजे चौकटी. पिसारोसारख्या चित्रकारांना पांढऱ्या, साध्या चौकटी हव्या होत्या, कारण त्यांत रंग मोकळे दिसतात. द्युराँ-रुएलला त्या पसंत नव्हत्या. त्याचा आग्रह जुन्या राजेशाही थाटाच्या, कोरीव सोनेरी चौकटींचा. चित्रकाराच्या दृष्टीनं हा अडाणीपणा होता. पण घेणाऱ्याच्या बाजूनं पाहा. चित्रात आहे काय, तर चिखलाची वाट, कोबीचा मळा, वाफ सोडणारं इंजिन, आणि तेही ब्रशचे फटकारे जसेच्या तसे ठेवलेले. सलाँ पाहून तयार झालेल्या डोळ्याला ते अर्धवट वाटतं. भोवती सोनेरी चौकट आली की हे पुरं झालेलं काम आहे आणि दिवाणखान्यात लावण्याजोगं आहे, एवढं तरी न बोलता सांगून होतं. चित्र तेच राहतं, घेणाऱ्याची धास्ती कमी होते.

घराचंही तसंच. रू द रोमवरच्या ३५ नंबरच्या आपल्या घराचा त्यानं नमुना करून ठेवला होता. मोठ्या दालनाच्या दारांसाठी मोनेनं फुलाफळांचे ३६ लहान फलक रंगवून दिले. भिंतींवर रेन्वाच्या नाचणाऱ्या जोडप्यांची मोठी चित्रं होती. ठरलेल्या दिवशी हे घर पाहुण्यांना खुलं असे. गॅलरीत माणूस म्हणतो, 'हे चांगलं आहे का?' घरात आला की म्हणतो, 'आपल्याकडे कसं दिसेल?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कलासमीक्षक लागत नाही. त्यातही गंमत अशी की यजमान कट्टर कॅथलिक, राजसत्तेचा समर्थक, पत्नी वारल्यावर पाच मुलांना वाढवणारा सभ्य गृहस्थ. अराजकवादी विचारांच्या पिसारोचं चित्र अशा माणसाच्या भिंतीवर पाहिल्यावर त्यातली भीती निघून जायची.

मासिकांचा उद्योग त्यानं दोनदा केला, १८६९ मध्ये आणि १८९० मध्ये. दोन्ही फार चालली नाहीत. आपल्याच मासिकात आपल्याच मालाचं कौतुक छापण्याला जेवढं वजन असतं, तेवढंच त्यांना होतं.

एकल प्रदर्शनाचा प्रयोग मात्र दूरगामी ठरला. हयात चित्रकाराचं एकट्याचं प्रदर्शन भरवायची तेव्हा फारशी पद्धत नव्हती. १८८३ मध्ये त्यानं बुदँ, मोने, रेन्वा, पिसारो आणि सिसले यांची एकामागून एक अशी प्रदर्शनं लावली. गटाची टिंगल करणं सोपं असतं. एका माणसाची तीस-चाळीस चित्रं एकत्र दिसली की निदान तो काय करू पाहतोय ते तरी कळतं. मोने मात्र भयंकर चिडला. तयारी नीट झाली नाही, वर्तमानपत्रांत काहीच आलं नाही, असं त्यानं विक्रेत्याला खरमरीत पत्रांतून सुनावलं. प्रसिद्धीचं महत्त्व चित्रकारांना कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

जकात

हे सगळं चाललं होतं कर्जावर. १८८० पासून युनियाँ जेनेराल या बँकेतल्या फेदेर नावाच्या माणसाचं पाठबळ होतं. जानेवारी १८८२ मध्ये ती बँक कोसळली, तिच्याबरोबर पॅरिसचा शेअर बाजारही कोसळला, आणि घेतलेले पैसे परत करायची वेळ आली. स्वस्तात सगळं काढून टाकायचं म्हटलं तर दहा वर्षं राखलेला भाव एका दिवसात मातीला मिळाला असता. सावकारांनाही ते परवडणारं नव्हतं, कारण तारण तेच होतं.

अशा वेळी न्यूयॉर्कच्या अमेरिकन आर्ट असोसिएशनचं आमंत्रण आलं. मोनेला ही कल्पना मुळीच रुचली नव्हती. आपली चित्रं यांकींच्या देशात जाणार याचं त्याला वाईट वाटत होतं, रसिकता उरली असेल तर ती पॅरिसमध्येच असं त्याचं मत.

खरी खोच जकातीत होती. तेव्हा अमेरिकेत परदेशी चित्रांवर ३० टक्के आयात जकात होती. तीनशे चित्रांवर ती आगाऊ भरायची तर द्युराँ-रुएलला जहाजाचा विचारही करता आला नसता. पण बोलावणारी संस्था शैक्षणिक उद्देशाची म्हणून नोंदलेली असल्यामुळे चित्रं हमीवर आत आणता आली: जे विकलं जाईल त्यावरच जकात, बाकीचा माल परत. कलेच्या इतिहासाची पुस्तकं प्रकाश आणि रंगछटांवर पानंच्या पानं भरतात. मला तर या एका सवलतीशिवाय पुढची गोष्ट घडलेली दिसत नाही.

प्रदर्शन १० एप्रिल १८८६ ला मॅडिसन स्क्वेअरजवळ उघडलं. मांडणी हुशारीची होती. अंगावर येणाऱ्या चित्रांच्या मध्ये सलाँच्या वळणाची, नजरेला सवयीची चित्रंही पेरलेली होती. कॅटलॉगमध्ये अनुकूल समीक्षकांचं लेखन होतं. शिवाय बार्बिझाँची चित्रं अमेरिकी धनिकांनी आधीच घेतली होती आणि त्यांचा भाव चढलेला त्यांनी पाहिला होता. ती ज्यानं आणली तोच माणूस आता हे आणतोय, एवढं त्यांना पुरेसं होतं. पॅरिसमध्ये समितीचा शिक्का चालायचा. इथे विक्रेत्याचा आधीचा हिशेब चालला. महिनाभरानं तेच प्रदर्शन नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइनमध्ये हललं, म्हणजे तिथल्या सर्वांत प्रतिष्ठित भिंतींवर. 'अमेरिकी माणूस हसत नाही, विकत घेतो,' हे द्युराँ-रुएलच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य या दौऱ्यातलं.

तरी लगेच पैशाचा पाऊस पडला असं नाही. विक्री माफक झाली, आणि स्थानिक विक्रेते जागे झाले. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनाला त्यांनी जकातखात्यामार्फत असा खोडा घातला की प्रदर्शनात विक्री ठरलेलं चित्र आधी फ्रान्सला परत न्यायचं आणि मग रीतसर जकात भरून पुन्हा आणायचं. यावर द्युराँ-रुएलनं न्यूयॉर्कमध्येच कायमची गॅलरी उघडली. पायाखालची जमीन आधीच तयार होत होती. फिलाडेल्फियाच्या सुखवस्तू घरातली चित्रकर्ती मेरी कसाट पॅरिसमध्ये या गटाबरोबर चित्रं मांडत होती. तिच्या सांगण्यावरून तिची श्रीमंत मैत्रीण लुईझीन हॅवमायर यांनी देगाचं पहिलं चित्र १८७७ मध्येच घेतलं होतं. शिकागोच्या बर्था पामर त्यांच्या मागोमाग आल्या. मैत्रिणीच्या घरी पाहिलेलं चित्र हा कुठल्याही कॅटलॉगपेक्षा भारी दाखला ठरला.

मे १८९१ मध्ये मोनेची गवताच्या गंजींची १५ चित्रं द्युराँ-रुएलनं पॅरिसमध्ये मांडली. काही दिवसांतच ती तीन ते चार हजार फ्रँकना संपली. तोवर अमेरिकेत विकली गेलेली चित्रं पॅरिसमधल्या भावाला टेकू देऊ लागली होती.

जिथे ही पद्धत चालली नाही

इथवर वाचून असं वाटेल की पैसा आणि चिकाटी असली की काहीही लोकप्रिय करता येतं. याच प्रकरणात त्याचं उलट उत्तर आहे.

आल्फ्रेड सिसलेला तोच विक्रेता मिळाला, १८८३ चं तसंच एकल प्रदर्शन मिळालं, चित्रं न्यूयॉर्कलाही गेली. तरी जानेवारी १८९९ मध्ये मोरे-स्युर-ल्वाँमध्ये तो गरिबीत वारला. पुढच्याच वर्षी त्याचं पुराचं एक चित्र लिलावात ४३,००० फ्रँकला गेलं. मोने आणि सिसले यांच्यात फरक काय? मला दिसतो तो स्वभावाचा आणि चढाओढीचा. मोनेनं १८८० च्या दशकातच आपला विक्रेता एकच राहू दिला नाही. तो जॉर्ज पेती या दुसऱ्या विक्रेत्याकडे गेला, मग व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा भाऊ थिओ जिथे काम करायचा त्या दुकानाशीही त्यानं व्यवहार केला. द्युराँ-रुएलला ते झोंबलं, पण तीन दुकानं एका माणसासाठी भांडत आहेत हे गिऱ्हाइकाला दिसलं, आणि एका विक्रेत्याच्या कौतुकानं झालं नसतं ते त्या भांडणानं झालं.

लंडननं तर १९०५ मध्येही दाद दिली नाही. ग्राफ्टन गॅलरीजमध्ये त्यानं ३१५ चित्रं लावली, एवढं मोठं इम्प्रेशनिस्ट प्रदर्शन त्याआधी झालं नव्हतं. लोक पाहायला आले, विक्री जेमतेम झाली.

पाहून पाहून आवड बसते का, याची तपासणी पुढे मानसशास्त्रज्ञांनीही केली. चित्रकार कायबोतनं आपला इम्प्रेशनिस्ट चित्रांचा संग्रह मृत्युपत्रानं फ्रेंच सरकारला ठेवला आणि त्यातली सुमारे चाळीस चित्रं १८९७ मध्ये सरकारी संग्रहालयात लागली. हीच पुढे पुस्तकांत पुन्हा पुन्हा छापली गेली. कॉर्नेल विद्यापीठातल्या जेम्स कटिंग यांना २००३ मध्ये आढळलं की विद्यार्थ्यांना जास्त वेळा छापली गेलेली चित्रं जास्त आवडतात, पण वर्गात काही न बोलता कमी प्रसिद्ध चित्रं वारंवार दाखवली की ही पसंती मावळते. याला जोड म्हणून लीड्सच्या संशोधकांनी २०१३ मध्ये थॉमस किंकेड या अमेरिकी चित्रकाराची गोडगोड चित्रं विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा दाखवली. तिथे उलटं झालं: जितकं पाहिलं तितकी आवड घटली. म्हणजे डोळ्यांसमोर ठेवण्यानं चित्राला संधी मिळते, आणि कधी कधी त्याचं पितळही उघडं पडतं.

द्युराँ-रुएलनं स्वतःच नकळत अशी एक चाचणी करून ठेवली आहे. १८९१ पासून १९२२ मध्ये वारेपर्यंत त्याच्या दुकानानं सुमारे १२,००० चित्रं घेतली. त्यांत हजारावर मोनेची आणि दीड हजाराच्या घरात रेन्वाची होती. पण याच काळात त्यानं दुसरी फळीही उभी केली होती: माक्सिम मोफ्रा, ग्युस्ताव्ह लुआझो, हेन्री मोरे, आल्बेर आंद्रे, जॉर्ज देस्पान्या. या वेळी पैसा होता, नाव होतं, न्यूयॉर्कचं दुकान होतं, करारही तसेच होते. त्यांची चित्रं त्यांच्या हयातीत बऱ्यापैकी खपली, आणि आज संग्रहालयात त्यांच्यासाठी कुणी वाट वाकडी करत नाही. ती पाहायला बरी आहेत. मोनेची सवय झालेल्या डोळ्याला त्यांत सरावण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, असं मला वाटतं. ज्याची खरोखर सवय व्हायची होती त्या सेझान या चित्रकाराच्या वाटेला द्युराँ-रुएल फारसा गेला नाही. सेझानचं पहिलं एकल प्रदर्शन १८९५ मध्ये लावलं ते आंब्रुआझ व्होलार नावाच्या नवख्या विक्रेत्यानं, द्युराँ-रुएलची गॅलरी होती त्याच रू लाफितवर.